नर्मदेच्या हातातला सिलिंडर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

गुरुदास शेठचा फोन. दुकानाचं शटर वर करतच होते. "अनुजा, विम्याची माणसा मागे लागली आसत. काजूचो कारखानो एकदा तपासून कागद दी. वायरिंग, बॉयलर, सिलिंडर — सगळा." हो म्हटलं. फोन ठेवला.

नवरा गेला, जितू, तेव्हापासून तिथे पाऊल टाकलेलं नाही. चौदा महिने झाले. आग विझवायचे सिलिंडर भरायचे, तपासायचे, हा धंदा त्याचा. मी आपली सिलिंडरांवरच्या तारखेच्या चिठ्ठ्या लिहिणारी. तो दुकानातच छाती धरून बसला आणि संपला. मग मी कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली, दाखला आणला, कट्टा गावातलं दुकान परत उघडलं. बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून धरून ठेवली. शेठनं मात्र मधल्या काळात बांद्याच्या कुणाला तरी सांगितलं होतं. तो काही फिरकला नाही म्हणे.

आणि त्याच कारखान्यात नर्मदा जळली. गेल्या वर्षी, एप्रिलात, ड्रायरच्या खोलीत. नऊ दिवस जगली. तिचं नाव निघालं की लोक अजून एकच बोलतात — "सिलिंडर हातात होतो, पण पिन काडूक जमली नाय तिका." मीही ते ऐकलं. मानलंही.

उद्या जायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नऊ ते दुपारी दोन. सत्यवती बरोबर होती — तिथली मुकादमीण, वीस वर्षं तिथेच आहे.

बॉयलरच्या पाठीशी काजूच्या टरफलांचा ढीग, माझ्या छातीएवढा. टरफल म्हणजे तेलच, एक ठिणगी पुरे. मेन बोर्डाला झाकण नाही, आत सालीचा भुसा भरलेला. ड्रायरची वायर तीन ठिकाणी जोडलेली आणि वर चिकटपट्टी. मागचं दार आगीनंतर नवं बसवलंय, लोखंडी, चांगलं. त्याच्यासमोर ट्रे रचलेले! "जागा खंय आसा गो वयनी," सत्यवती म्हणाली. मी सगळे हलवायला लावले. घड्याळ लावून बघितलं — तेरा मिनिटं लागली.

चौतीस बायका काम करतात तिथे. नर्मदेची मुलगी गौरजाही. तिला आईच्या जागी घेतलंय, ग्रेडिंगच्या टेबलावर. मी सिलिंडर कसा धरायचा ते सगळ्यांना दाखवत होते. पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी, मग दांडा दाबायचा. मागून कोणीतरी बोललं, "गौरजे, बरा शिकान घे हां. आवशीक जमूक नाय ता तुका तरी जमांदे."

दोघीतिघी हसल्या. गौरजानं मान वर केली नाही. अख्खे काजू एकीकडे, तुकडा एकीकडे. बोटं चालूच.

मी परत पिन दाखवायला लागले. बोलायला हवं होतं.

भिंतीवर अकरा सिलिंडर. तिनांचा काटा हिरव्यात, आठांचा लालात. म्हणजे आठांत दाबच नाही. शोभेला टांगलेले! प्रत्येकाला चिठ्ठी — भरल्याची तारीख फेब्रुवारी २०२४. अक्षर माझं. सही जितूची.

वर्ष उलटून गेलंय, दाब गेला असेल, असं स्वतःला सांगितलं. आठांचा?

निघताना सत्यवतीनं मागचं गोदाम दाखवलं. कोपऱ्यात भंगार — वाकलेले ट्रे, जळके पत्रे. त्यात एक सिलिंडर, एका अंगानं काळा. "ह्योच तो," ती म्हणाली. "पत्र्याखाली गावलो, आठ-धा दिवसांनी. मगे कोणी बगूकच नाय."

उचलला. जड लागला. वापरलेला सिलिंडर एवढा जड नसतो.

स्कूटरवर बांधून घेऊन आले.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात आहे. गोणपाटाखाली. उघडला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज उघडला.

आधी वजन केलं. पावडर सगळी आत. पिन नाही, सील तुटलेलं. दांडा दाबून दाबून एका बाजूला वाकलाय. मग व्हॉल्व्हचा सांधा बघितला. आमची एक पद्धत आहे. भरायला व्हॉल्व्ह उघडला की परत बसवताना सांध्यावर रंगाची रेघ मारायची, दर वर्षी वेगळा रंग. म्हणजे शेवटचा कधी उघडला ते कळतं. तेवीसचा पिवळा होता. चोवीसचा निळा.

इथली रेघ हिरवी. हिरवा एकवीसचा; तीन वर्षांनी भरायचा असतो, म्हणजे चोवीसला उघडायलाच हवा होता. आणि रेघ कुठेही तुटलेली नाही.

काळा भाग पुसला, चष्मा लावून परत बघितली. हिरवीच.

व्हॉल्व्ह फिरवला. सुस्सकन हवा यायला पाहिजे, काही नाही. आत पावडर दगडासारखी बसलेली. सळीनं ठोकली तर ठक्क वाजलं.

म्हणजे पिन निघाली होती. दांडा दाबला होता, वाकेपर्यंत दाबला होता. नर्मदेनं सगळं बरोबर केलं होतं. सिलिंडरच मेलेला होता.

आणि त्याला तीच चिठ्ठी. कडा जळाल्यात, पण वाचता येते. "भरल्याची तारीख १२ फेब्रुवारी २०२४." माझं अक्षर. लोक म्हणायचे, अनुजाचं अक्षर छापल्यासारखं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानाचं रजिस्टर काढलं. पावडरची पोती कधी आली, गॅस कधी आला. डिसेंबर २०२३ पासून ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत एकही नोंद नाही. नऊ महिने! एक पोतं नाही. त्या नऊ महिन्यांत चिठ्ठ्या मात्र चाळीस-पंचेचाळीस ठिकाणी लागल्या.

ते नऊ महिने कुठले, हे मला कोणी सांगायला नको. डिसेंबरात माझ्या छातीत गाठ निघाली. गोव्याच्या हॉस्पिटलात फेऱ्या, मग ऑपरेशन, मग टाका पिकला म्हणून महिनाभर तिथेच पडून. जितू माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायचा. मधेच एक दिवस गावी जायचा, आयेला, त्याच्या आईला, बघायचा, परत यायचा. सिलिंडर उतरवून दुकानात आणा, रिकामे करा, भरा, परत टांगा — एकट्या माणसाला एका कारखान्याचे तीन दिवस लागतात. त्याच्याकडे सलग दोन दिवसही नव्हते.

तो कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणायचा. "तुजा अक्षर बरा. लिहून ठेव, तेवढोच येळ जायत." मी उशीला टेकून लिहायची. बरं वाटायचं — काहीतरी कामाची आहे अजून! एकदा विचारलंही, भरतोस कधी रे? म्हणाला, "होता गो सगळा. तू नको काळजी करू."

गेल्या वर्षभरात आणखी दोन-तीन ठिकाणी घट्ट झालेली पावडर मिळाली होती मला. तेव्हा मी खाऱ्या हवेला दोष दिला.

रजिस्टरात २६ ऑगस्टला पहिलं पोतं. मी बरी होऊन घरी आल्यावर चौथ्या दिवशी. म्हणजे तो भरायला लागला होता. एकेक करून, मागचं सगळं. शेठकडचे ते हिरव्यात असलेले तीन त्यातलेच. २१ सप्टेंबरला तो गेला. एवढंच जमलं त्याला.

राग येतोय. कोणावर, ते कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सत्यवतीच्या घरी गेले. अंगणात भात वाळत घातलं होतं, ती त्यातून पाय फिरवत होती. आगीच्या दिवसाचं नीट सांग म्हटलं. ती थांबली.

ड्रायर भडकला तेव्हा नर्मदा दाराशीच होती. सुटली असती. पण आत दोघी जणी अडकल्या होत्या, नवीन लागलेल्या. तिनं भिंतीवरचा सिलिंडर ओढला आणि आत गेली. "त्या दोगी तिच्या काखेखालसून भायर इले," सत्यवती म्हणाली. "ती नाय इली. माका दिसना नाय होती, धूर. नुसता आयकलंय. आराडत होती — येना नाय गो! येना नाय!"

"मगे?"

"मगे काय. आमका वाटला, पिन येना नाय. तसाच सांगलंव सगळ्यांक."

पिन नव्हे. पावडर येत नव्हती.

सत्यवतीला सांगितलं. सगळं. ती भातात तशीच उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीच सांगलंय गो. पयला मीच सांगलंय तसा." जितूबद्दल एक शब्द नाही. स्वतःच्याच तोंडावर मारत राहिली. मला तिचे हात धरावे लागले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शेठकडे. केबिनमध्ये. सिलिंडर टेबलावर ठेवला, रंगाची रेघ दाखवली, रजिस्टर दाखवलं. शेठ माणूस वाईट नाही. नर्मदेला हॉस्पिटलात यांनीच गाडीतून नेलं होतं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुका म्हायत आसा, आगीच्या अहवालात मी काय लिवलंय ता?"

माहीत होतं. कामगार महिलेस उपकरण योग्य प्रकारे हाताळता आले नाही. गोल गोल सरकारी मराठी. भिंतीवरच्या चिठ्ठ्या बघून त्यांना वाटलं सिलिंडर भरलेला, मग चूक तिचीच असणार. त्यांचंही खोटं नव्हतं.

"आता तू नवे भर, नवी चिठ्ठी लाव," म्हणाले. "बाकीचा पण करतंय मी — बोर्ड, वायर, टरफला हलवतंय. सगळा करतंय. पण ह्या उकरा नको. दोगांय गेली. जितूचा नाव काळा करून आता कोणाक काय गावतला?"

"नर्मदेचं काळं झालंयच की."

"ती गेली गो."

"गौरजा तुमच्याच टेबलावर बसते, शेठ. रोज."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "विमलामावशेक काय सांगतलंस? तिचो एकच झिल."

एकुलता एक मुलगा तिचा, जितू. सिलिंडर उचलला आणि आले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आयेला सांगायचं कसं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

विमला माझी सासू, पण लग्नाच्या पहिल्या दिवसापासून आये. माझ्या आजारात हिनं माझं डोकं मांडीवर घेऊन उरलेले केस स्वतःच्या हातानं काढले. आज परड्यात विळीवर बांगडे कापत होती. मी समोर पाटावर बसले आणि सांगत गेले. मधे थांबले नाही. थांबले असते तर पुढचं आलंच नसतं.

तिनं सगळे बांगडे कापले. धुतले. मीठ लावलं. हात धुतले. मग म्हणाली —

"माजो झिल चोर नाय."

"नाही आये."

"मगे तेची चिठ्ठी तू कित्याक लोकांका दाखयतंस?"

मी नर्मदेचं सांगितलं. दोघींना बाहेर ढकलल्याचं. येना नाय, येना नाय. ती ऐकत होती की नाही कळेना. उठून आत गेली. जेवायला आली नाही. तिनंच कापलेल्या बांगड्यांचं तिखलं केलं आणि तसंच झाकून ठेवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आये बोलत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजही नाही. दुपारी वाटलं, सोडून द्यावं सगळं, सरकारी कचेरीत काही कळवू नये. सिलिंडर भंगारात घालावा, नवे भरावे, कागद द्यावा. कोणाला कळणार आहे? सत्यवती माझ्या शब्दाबाहेर नाही, शेठ तर नाहीच. जितू चांगला माणूस होता. खरंच होता. माझ्या ओकाऱ्या त्यानं ओंजळीत धरल्यात. त्याचं नाव आता मीच घालवायचं?

संध्याकाळी ओसरीवर दिवा लावताना आये एकदम म्हणाली, माझ्याकडे न बघता —

"त्या बायलेचा चेडू किती वर्षांचा?"

"गौरजा? तेवीस-चोवीस."

"तिका पयला सांग. कचेरीत मगे जा. तिका पयला."

आणि दिवा खाली ठेवून रडली. जितू गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. मी जवळ गेले तर हात झटकला. थोड्या वेळानं तोच हात माझ्या पाठीवर आला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गौरजाच्या घरी. ती आणि बाप, बाबली, दोघंच राहतात, खाडीच्या काठाला. बाबली होडीवर गेला होता. बरंच झालं. त्याच्यासमोर तोंड उघडलं असतं की नाही देव जाणे.

सिलिंडर नेला होता. अंगणात ठेवला. तिनं ओळखला. मागे सरकली.

सांगितलं. पिन कुठे असते, ती कशी निघालेली आहे, दांडा कसा वाकलाय. पावडर आतच आहे. का आत आहे. कोणी भरली नव्हती. चिठ्ठ्या कोणी लिहिल्या. माझं नाव, जितूचं नाव, दोन्ही. शिव्या देईल असं वाटलं होतं. मनाची तयारी केली होती मी.

ती खाली बसली. वाकलेल्या दांड्यावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग वर बघून विचारलं —

"म्हणजे काकी, आयेन पिन काडल्यान होती?"

"होय गो बाय. काढली होती. सगळं बरोबर केलं तिनं."

"बरोबर केल्यान?"

"सगळं."

तेवढंच परत परत विचारत राहिली. मी परत परत सांगत राहिले. जितूबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. मी माफी मागितली ती तिनं ऐकलीसुद्धा नाही बहुतेक. सिलिंडरला दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि तोंड असं, की रडतेय की हसतेय, मला सांगता येणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल ओरोसला, जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत अर्ज दिला. सोबत सिलिंडर, रजिस्टर, चिठ्ठी, माझा जबाब. "चिठ्ठ्यांवरील अक्षर माझे आहे" हे वाक्य लिहिताना पेन अडखळलं. साहेब तरुण होते, दोनदा वाचलं. "मॅडम, यात तुम्ही स्वतः अडकू शकता, कल्पना आहे ना?" आहे म्हटलं. चौकशी होईपर्यंत दुकान बंद ठेवायचं.

आज सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. शाळा, लॉज, बर्फाचा कारखाना, दोन दवाखाने. बेचाळीस ठिकाणं. 'त्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या कोणाकडूनही भरून घ्या, पण आजच घ्या.' एकानं शिव्या दिल्या. एक बाई म्हणाल्या, "जितू? आमचो जितू असा करूचो नाय!" त्यांचंच खरं असतं तर.

शेठनं अहवाल बदलून द्यायचं कबूल केलं. स्वतः फोन करून. कारखान्यात बायकांसमोर वाचून दाखवला म्हणे. सत्यवती सांगत होती — ती चार तारखेला बोललेली बाई उठून गौरजाच्या पाया पडायला गेली, गौरजानं पाय मागे घेतले.

बाजारात दोघांनी तोंड फिरवलं. आयेला कोणीतरी विचारलं, खरा काय गो? ती म्हणाली, "खरा." आणि पिशवी घेऊन चालू लागली.

घरात जितूच्या फोटोसमोर बसवत नाही. बघितला की वाटतं, मला का नाही सांगितलंस? मी चिठ्ठ्या लिहिल्या नसत्या. उठून तुझ्याबरोबर सिलिंडर उचलले असते, टाके तुटेपर्यंत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी बाबली आला. दारातच उभा राहिला, आत येईना. मी हात जोडले. म्हणाला, "माका म्हायत होता, वयनी."

नर्मदा गोव्याच्या त्याच हॉस्पिटलात होती, खालच्या माळ्यावर. मी वर. मला कोणी सांगितलंच नव्हतं. जितू तिच्याकडे जाऊन सगळं बोलला होता, खाटेला डोकं टेकून. ती जाण्याच्या आदल्या दिवशी. पोलिसांकडे जातो म्हणत होता. तिनंच थांबवलं.

"माका म्हणाली, कोणाक सांगा नको. तेची बायल वर आसा. ती आदी बरी होवंदे. ह्यो आत गेलो तर तिका कोण बगतलो? मगे जितूय गेलो. मगे मी कोणाक सांगतलंय? गौरजेक पण सांगूक नाय. शब्द दिललो मा तिका."

मी त्याला आत ये म्हटलं.

बाबली पायऱ्या उतरला. मग परत वळला.

"तब्येत बरी आसा मा आता?"

मी होय म्हटलं.